न ठिबकणारी

मुजीबभाईंच्या दुकानात
अर्धी भिंत ठिबकच्या नळ्यांची वेटोळी.
"सिलिकॉनची बंदूक दाखवा," मी म्हणाले,
"न ठिबकणारी."
बाकड्यावरचा आडगावचा पावणा हसला,
"ताई, इथं समदे ठिबकायसाठी पैसे मोजतेत,
वर सबसिडीबी घेतेत."

मला खिडकी मिटवायची होती.
वसमतला मोंढ्यामागे घर,
म्हणजे मार्च ते मे हळदीचं पॉलिश,
सकाळी सातपासून ड्रमची घरघर,
आणि चौकटीमागच्या दोन सुतांच्या फटीतून
पिवळी धूळ.
उशीवर, सायीवर,
अण्णांच्या नेब्युलायझरच्या मास्कवर.
शुभ असतं, शेजारच्या कुसुमवहिनी म्हणतात.
अण्णा खोकून उत्तर देतात.

काउंटरवर दोन बंदुका आल्या.
एकीच्या दांड्याला करवतीसारखे दाते,
कट्‌ कट्‌ पुढं सरकणारी, एकशे वीस रुपये.
"हिला फक्त पुढं जाणं ठाऊक," मुजीबभाई म्हणाले,
"हात सोडला तरी आत जोर राहतो.
मग बसते गळत तुमच्या फरशीवर."
दुसरीचा दांडा गुळगुळीत, मूठ निळी,
तीनशे ऐंशी.
चाप सोडला की दांडा आपणहून
गव्हाच्या दाण्याएवढा मागे येतो.
मी दहादा दाबून सोडून पाहिलं, कान लावून.
त्या मागे येण्याला आवाज नव्हता.

पोस्टात एकतीस वर्षं मी लाख वितळवली.
सुतळीची गाठ, मेणबत्ती, पितळी शिक्का.
कांडी उचलली की मागोमाग लाल तार लांबत यायची
टेबलावर, पावतीवर,
एकदा धोंडगे साहेबांच्या पांढऱ्या बाहीवर.
"काम झाल्यावर थांबता आलं पाहिजे, बाई."
एवढं सांगायला साहेबांना
पाऊण तास लागला.

ट्यूबचं तोंड तिरपं कापलं,
शेंगदाण्याच्या मोडाएवढंच;
जास्त कापलेलं परत लहान होत नाही.
आतला पडदा तारेनं फोडला.
फटीच्या दोन्ही अंगांना कागदी पट्टी.
त्याआधी कोरडं फडकं, मग ओलं, मग पुन्हा कोरडं,
तिन्ही वेळा पिवळं.

पहिली रेघ वाकडी गेली.
दुसरी फुगली.
तिसरीला हाताला आठवलं,
पाटावर शेवई ओढताना
दाब आणि ओढ कशी एकत्र चालायची,
घाई केली की तुटायची, रेंगाळलं की जाड व्हायची.
कोपरा आला. बोट उचललं.
टोकाशी एक पांढरा थेंब जमला,
जरा विचारात पडला,
आणि आत गेला.

मी स्टुलावर तशीच उभी.
सकाळी अण्णांना म्हणाले होते,
धुळीला कशाला बोल लावता, विड्या कुणी ओढल्या?
वाक्य तिथंच संपलं होतं.
पण भाकरी थापताना, चादर झटकताना,
कुकरच्या शिट्ट्या मोजताना
ते माझ्यातून गळतच राहिलं,
कधी "चाळीस वर्षं" म्हणून,
कधी "आईनं किती सांगितलं" म्हणून.
अण्णा मास्क लावून बसले होते.
मास्कला उत्तर देता येत नाही.

साबणाच्या पाण्यात बोट बुडवून
रेघ सारखी केली, पट्ट्या ओल्या असतानाच सोलल्या.
दांड्यामागची कळ दाबून ट्यूब मोकळी केली,
तोंडात दोन इंची खिळा खोचला.
"मिटली का?" आतून अण्णा.
"उद्यापर्यंत हात लावू नका."

सकाळी ड्रम सुरू झाला, थोडा लांबून आल्यासारखा.
खिडकीशी गेले.
पांढऱ्या रेघेच्या मधोमध
एका बोटाचा ठसा, पिवळा, खोल.
माझ्या बोटापेक्षा रुंद.

तोंड उघडलं होतं मी.
मग चहा ठेवला.