रूबेन सरांसाठी, कॅसेट क्रमांक चौदा

लेबलवर तुमचंच अक्षर, शाई उडालेली.
वाजवणाऱ्याचं नाव लागत नाही.
एवढंच उरलंय: विजेचा पियानो, चौघे जण, एका रात्रीत.

सुरुवातीला फितीची खरखर,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी.
मग डावा हात.
सर, आधी वाटलं तो काहीच करत नाहीये.
दोनच स्वर, एकमेकांना खेटून,
सातपूरच्या बसमध्ये एका सीटवर
दोन अनोळखी माणसं बसतात तसे.

तुम्ही म्हणाला होतात,
कान गेले तर गेले. तू ऐक, लिही,
मी वाचून ऐकेन.
म्हणून लिहितोय, दुकानाचं शटर अर्धं ओढून,
एका भजनी मंडळाच्या पेटीच्या पितळी पट्ट्या
वर्तमानपत्रावर मांडलेल्या आहेत, त्यांच्याच शेजारी.

दोन मिनिटं दहा सेकंद.
उजवा हात आला. धून सांगत नाही,
धुनेच्या घराचा पत्ता विचारत फिरतो.
ड्रमवाला सातात चाललाय.
बोटांवर मोजलं, दोनदा चुकलो,
मग तांबट आळीतला मामा आठवला:
हंड्याच्या पोटावर तीन ठोके, काठावर दोन,
आणि हंडा फिरवता फिरवता
रिकाम्या ऐरणीवर दोन.
सातचा हिशेब त्याला कुणी शिकवला नव्हता.
हात थांबला तर परत उचलवत नाही, म्हणायचा.

चार मिनिटांपाशी पियानोवाला चुकतो.
भलताच स्वर, जोड्यात खडा यावा तसा.

(यावर तुमची तांबडी पेन्सिल, समासात:
चूक कशावरून? पुढे बघ, तोच स्वर परत घेतो का?)

घेतो, सर. तीनदा घेतो.
तिसऱ्या वेळी बाकीचे तिघे जरा सरकतात
आणि त्याला बसायला जागा देतात.

बाजू दुसरी.
इथे सिंथेसायझर आहे, मला नाही आवडला,
सनमायक्याच्या टेबलावरून हात फिरवल्यासारखा.
पण कुणीतरी बरोबर तबला आणलाय.
तबलजी फार आदबीनं वाजवतो,
परक्या घरी चहा प्यावा तसा, कपातूनच.
सहाव्या मिनिटाला बशीत ओततो.
तिथून पुढे मी लिहायचं विसरलो. माफ करा.

शेवटाकडे एक धप्प.
आधी लिहिलं: बास.
फीत मागे नेऊन ऐकलं, तर काहीच नाही.
देवळालीला तोफांचा सराव चालू होता.
खोडलं नाही. समेवर पडला होता.

गुरुवारी वही घेऊन शरणपूरला आलो.
चर्चच्या ऑर्गनवर चाळीस वर्षं घासलेली तुमची बोटं
ओळींवरून जात होती,
आणि खाली डावा पाय, पेडल शोधत, फरशीवर.
बशीपाशी हसलात.
धप्पपाशी थांबलात.
म्हणालात, हा मीही ऐकला.
पलंगाच्या पायातून आला.
किती वाजले होते?

पावणेअकरा, मी म्हणालो.
तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात.
मग दोन पानं मागे गेलात,
फीत नेतात तसे, अंदाजानं,
आणि डाव्या हातापासून परत सुरू केलंत.