होला

वारा अडतीसच्या वर गेला की क्रेन बंद.
शमाल सुटतो तेव्हा सुट्टी नसते,
नुसतं थांबणं असतं, पगारी.
अशा चार-पाच दिवसांत मी शिकलो.

रुवैसचा कॅम्प, बी ब्लॉक, जेवणघराची मागची बाजू.
तेलाच्या रिकाम्या डब्यांशेजारी एक टेबल आहे,
वायफाय फक्त तिथं पकडतं.
तिलक थापा, पातेली घासून हात अजून ओले,
म्हणाला, दाइ, आधी पासवर्ड.
मी बायकोचं नाव टाकलं. दुर्गा.
यंत्र म्हणालं, कमकुवत.
मग पुढे क्रेनचा नंबर जोडला, शेवटी उद्गारचिन्ह.
यंत्र म्हणालं, चालेल.
हे मी अजून गुहागरला कळवलेलं नाही.

साठ मीटरवरून नऊ टनांचा पाइप
बोटभर फटीत बसवतो मी,
आणि हा टीचभर बाण
चौकोनात जाईना.
दाइ, हळू. त्याला ओढू नको, सोड.

कोऱ्या पानावर एक उभी रेघ लुकलुकते.
आमच्या क्रेनच्या टोकावर तांबडा दिवा असतो, तसाच ताल.
तो विमानांसाठी.
ही कोणासाठी, ते तिलकलाही सांगता येईना.

मग त्यानं एक बटण दाखवलं.
चुकलं की हे दाब,
झालेलं न झालेलं होतं.
मी ते सतरा वेळा दाबलं, मोजून.
जुबैलला दोन हजार अकरा साली
असं बटण माझ्या डाव्या हाताशी हवं होतं.
तेव्हाचं लिहायला घेतलं, अडीच ओळी झाल्या.
तिलक म्हणाला, पाठवायचं नसेल तर मसुद्यात ठेव,
तिथं कोणी बघत नाही.
अजून तिथंच आहे.

त्याऐवजी पक्ष्याचं लिहिलं.
केबिनच्या शिडीवर, चौदाव्या पायरीच्या कोपऱ्यात
तारेचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पट्ट्या गोळा करून
एका होल्यानं घरटं मांडलंय, अंडी दोन,
मी रोज एक पायरी गाळून चढतो,
एवढंच.

देवनागरी तिलकचीही. त्यानं मोठ्यानं वाचलं,
शाळेत धडा वाचतात तसं, एकेक अक्षर ठेचत,
अर्थ न कळता.
माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून
मी कधी ऐकली नव्हती.
"वादळ"पाशी अडला. हे कुठलं अक्षर?
ळ.
आमच्यात नाही, म्हणाला.
मी म्हटलं, जीभ मागे वळव, टाळूला लावून सोड.
शिफ्ट दाबून एल, हे त्यानंच मला दाखवलं होतं,
तोंडानं कसं दाबायचं ते मी दाखवलं.
बाळ, वेळ, केळं, गुळ.
तासभर दोन बाप्ये डब्यांशेजारी ळ ळ करत बसलो.
मग तो होल्याशी आला आणि हसत सुटला.
होला? दाइ, आमच्याकडे होला म्हणजे
असेल बहुधा.
तुझ्या शिडीवर "असेल बहुधा" बसलंय?

प्रकाशित करा, असं निळं बटण होतं. दाबलं.
दुसऱ्या दिवशी आकडा: चार जणांनी वाचलं.
तीनदा तू, एकदा मी, तिलक म्हणाला.
मग त्यानं एका गटात घातलं मला,
आखातातले मराठी, तीनशेबारा माणसं.
सकाळी फुलं येतात, दुपारी विमानाचे दर,
आणि मस्कतचे कोणी खातू
माझ्या "गुळ"चा उकार दीर्घ करून परत पाठवतात.
बरं वाटलं. कोणीतरी उकारापर्यंत वाचलं.

पिल्लं उडाली मार्चमध्ये.
तिलकचा करार एप्रिलमध्ये संपला,
टेबलाशी आता एक मुलगा कांदे सोलतो.

परवा वारा चाळीसवर. मी खालीच.
गुल्मीहून मेसेज आला, एकच अक्षर:
ळ.
मी लिहिलं, परत येशील का रे?
त्याच्याकडे टिंबं हलत राहिली बराच वेळ,
थांबली, पुन्हा हलली.
मग आलं,
होला.