एक ते चार

मामाचं शटर एकला खाली यायचं,
आम्ही बोळातल्या दारानं आत.
रविवार पेठ, स्टीलची भांडी, किलोवर.
मामा घरी जाऊन, आमटीभात खाऊन आडवा
आणि आम्हांला तीन तास. पंखा बंद ठेवून,
कारण पंख्याची घरघर माईकमध्ये यायची.

आधी भांडी गप्प करावी लागत.
जरा मोठ्यानं बोललं की वरच्या फळीवरचे डबे
उलट उत्तर देत.
उज्वला घरून सतरंज्या आणायची, जुने टॉवेल,
एकेका परातीला पांघरूण घालायची
तापातल्या पोराला घालतात तसं.
एक पातेलं मात्र ऐकायचं नाही. अठरा नंबरचं.
शेवटी त्यालाच ठेका दिला.
पहिल्या आठ गाण्यांत जो खालून ठोका येतो
तो त्याच्या बुडाचा.
लोक विचारायचे, कुठलं मशीन आहे?

नाव शोधावं लागलं नाही.
बाहेर पाटी होतीच : दुकान एक ते चार बंद राहील.
‘बंद राहील’ तेवढं खोडलं.

लिहायचा इर्शाद. पहाटे मार्केट यार्डात
कांद्याच्या पावत्या फाडायचा,
त्याच पावत्यांच्या पाठीवर यमकं.
त्याच्या गाण्यात तलवार नव्हती, गाडी नव्हती,
‘आपण कुणाच्या बापाला भीत नाही’ नव्हतं.
तो भ्यायचा.
कुत्र्यांना, सरकारी पाकिटांना, नव्या बुटांना,
अम्मीच्या कानातल्या मशीनचा सेल
ऐन ईदेला संपेल, याला.
एक अख्खं गाणं पीएमटीत राहिलेल्या छत्रीवर.
भरत मंडपात ते म्हटलं तेव्हा
शेवटच्या रांगेतला एक कंडक्टर उठून उभा राहिला
आणि म्हणाला, स्वारगेटला या, कपाटभर आहेत.

मग मुंबईहून पांढऱ्या बुटांतला माणूस आला.
चहा प्याला नाही.
म्हणाला, सगळं छान आहे, पण राग कुठंय?
गल्ली दाखवा, गटार दाखवा, तुमचं भोगलेलं दाखवा.
इर्शाद म्हणाला, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो,
खाली डेंटिस्ट आहे.
आम्ही हसलो. प्रणीत हसला नाही.
चौघांचा कागद होता, सही एकानं केली.
आता त्याचं गाणं जिममध्ये लागतं,
वजन उचलताना बरं पडतं म्हणतात.
मी ऐकलंय. श्वास अजून तसाच,
सोळा ओळी एका दमात.
पण ठोका मशीनचा.

दुसरी रेकॉर्ड तिघांची.
‘काळाच्या पुढे’ असं एकानं लिहिलं,
म्हणजे खपली नाही.
उज्वलाला खराडीत नोकरी लागली, मग मुलगी झाली,
सतरंज्या परत गेल्या.
इर्शादला मीच एकदा नको ते बोललो,
पैशावरून. तीन हजार दोनशे.
आकडा अजून पाठ आहे, वाक्य नाही,
म्हणजे वाक्यही आहे.

शेवटचा कार्यक्रम कोथरूडला, तळघरात.
एकोणीस माणसं, त्यांतली सात घरची.
मामा पहिल्यांदाच आला होता,
प्लास्टिकच्या खुर्चीत, टोपी मांडीवर.
संपल्यावर जवळ येऊन हळूच विचारलं,
‘ते पातेलं आपलंय ना?’

आता दुकान एक ते चार उघडंच असतं.
ऑनलाइनवाले दुपारची झोप घेत नाहीत,
मग आपल्याला परवडत नाही, मामा म्हणतो,
आणि गल्ल्यावरच पेंगतो.
पाटी काट्याखाली आहे, काटा डुगडुगू नये म्हणून.

मी माल दाखवतो.
गिऱ्हाईक पातेलं उचलतं, उलटं करतं,
बोटाच्या पेरानं वाजवून बघतं. सगळेच बघतात.
काल एका बाईंनी वाजवलं,
आणि थांबून, पुन्हा, किंचित उशिरा, दोनदा.
माझी मान आपोआप हलली.
त्यांना वाटलं, भाव कमी करायला मी हो म्हणालो.