समास

घणसोली, सेक्टर सात. तळमजल्यावर दोन खोल्यांची बालवाडी.
बाहेर सोसायटीचा जनरेटर, आत तेरा मुलं
आणि टबभर वाळू, जी मी दर शनिवारी चाळते,
कारण मांजरांनाही ही शाळा आवडते.

मढवी आले ते थेट कामावरून,
रबाळ्याच्या कंपनीचा निळा शर्ट, खिशात मोजपट्टी.
कैवल्यची वही त्यांनी टेबलावर ठेवली नाही,
हातातच धरली, चुकीचं बिल धरतात तशी.
"बाई, तीन महिने झाले. एक पान भरलेलं नाही.
शेजारची स्वरांगी ऐरोलीला जाते,
पन्नासपर्यंत लिहिते. स्पेलिंगसकट."

मी म्हटलं, बसा.
मोठ्या खुर्चीवर रंगांचे ब्रश वाळत होते,
म्हणून ते मुलांच्या खुर्चीवर बसले,
गुडघे छातीशी.

काय सांगायचं होतं मला?
की मंगळवारी दुकान-दुकान खेळताना
कैवल्यने करवंटीच्या तराजूत
इकडे चिंचोके टाकले, तिकडे शिंपले,
आणि पारडं का झुकलं म्हणून इतका वेळ गप्प बसला
की डबा खायचा राहिला.
की जूनमध्ये तो घसरगुंडीवर ढकलायचा,
आता म्हणतो, "तुझं झालं की मला."
चार शब्द. कुठल्या रकान्यात बसवू?

हे सगळं मी बोलले. थोडं पाठ केलेलंही बोलले,
प्रशिक्षणात सांगतात ते, बोटांचे स्नायू वगैरे.
त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले,
"जमीन गेली तेव्हा आजाने अंगठा दिला.
बापाने सही केली, पण कशावर, ते वाचता नाय आलं.
मी वाचतो. इंग्रजी आलं की सुपरवायझरला विचारतो.
खेळायला आम्हाला अख्खी खाडी होती, बाई.
खेळून झालंय आमचं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
आजही नाही.

बोलता बोलता त्यांच्या हातात
शाडूचा एक गोळा आला होता, टेबलावर राहिलेला.
अंगठा चालत होता, नजर माझ्याकडे.
पुढून टोक निघालं, कडा उभ्या राहिल्या,
मागे वल्ह्यापुरती खाच.
कैवल्य कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.
"पप्पा, ही बुडेल?"
"माहीत नाही," मढवी म्हणाले,
आणि मला वाटलं, हा शब्द त्या घरात
आज पहिल्यांदा उच्चारला गेला असेल. चुकीचंही असेल माझं.

हात धुवायच्या बादलीत सोडली.
बुडाली.
दोघं वाकून बघत राहिले, एकसारख्या माना.
"कड अजून उंच पायजे," कैवल्य म्हणाला.
"पातळ पण," बाप म्हणाला.

दिवाळीनंतर कैवल्य आला नाही.
त्याची आई दाखला न्यायला आली, ऐरोलीत नाव लागलं होतं.
माझ्याकडे बघून ती कसनुसं हसली,
मीही हसले. तिचं चुकलं म्हणायला
माझी जीभ वळली नाही.

कारण निषाद तीन वर्षांचा असताना
मीच त्याला चार रेघी वहीसमोर बसवलं होतं,
हात धरून, कधी कधी हात दाबून.
आज सव्वीसचा आहे. अक्षर इतकं सुरेख
की बँकेत लोक त्याच्याकडून फॉर्म भरून घेतात.
परवा त्याला कोरा कागद दिला,
म्हटलं, काढ काहीतरी, सहज.
त्याने विचारलं,
"समास किती सोडू?"

कैवल्यची वही माझ्याकडेच राहिली.
पानापानावर लाल रेघ आखलेली, बाकी काही नाही.
काल त्यात सामानाची यादी करायला घेतली:
चिंचोके, शाडू दोन किलो, नवीन चाळणी.
रेघेच्या अलीकडून सुरुवात केली.