कानातला बिल्ला

ईस्ट स्ट्रीटला, चपलांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
इथं मांस नाही, वास नाही.
एक फ्रीज आहे, त्यात तांबोळी साहेबांचं ताक
आणि माझा डबा.

मी कागद करतो.
अठ्ठावीस टन म्हणजे चौदाशे खोकी, वीस किलोचं एक.
पुढचा भाग, मागचा भाग, नळी, कापातला चुरा,
म्हशीचं, हाडं काढलेलं, उणे अठरा.
उरुळीच्या कोल्ड स्टोअरेजमधून न्हावा शेवा,
तिथून हायफाँग, अलेक्झांड्रिया, लुआंडा.
बावीस वर्षांत यातलं एकही बंदर पाहिलं नाही.
न्हावा शेवासुद्धा नाही.

मंगळवारी हायफाँगहून मेल आला.
मिस लान कळवतात: खोका क्रमांक सातशे बारा,
ठोकळा वितळवताना आतून परकी वस्तू निघाली.
सोबत फोटो.
स्टीलच्या टेबलावर, पट्टीशेजारी मापाला ठेवलेला
पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला,
त्यावर बारा आकडे,
आणि खाली मार्करनं कुणीतरी गिरवलेलं
‘चि’ का ‘वि’, नीट लागत नाही.
मिस लान विचारतात,
हे कुठल्या रसायनाचं चिन्ह आहे का?

बिल्ला कानात असतो, कान डोक्याला,
आणि डोकं तर पहिल्याच दालनात वेगळं होतं.
प्लँटवरचे रोहिदास पाटोळे फोनवर म्हणाले,
येऊच शकत नाही साहेब.
आलाय, मी म्हटलं.
मग बराच वेळ नुसता कॉम्प्रेसर ऐकू आला.
“हातमोज्याला चिकटला असंल.
तिथं बोटं आपली राहत नाहीत हो,
काय धरलंय, काय सोडलंय, कळतंय कुणाला?”

साहेब म्हणाले, दोन टक्के सोड, कारण लिही, संपव.
कारण, दोन टिंबं,
आणि पुढे कर्सर लुकलुकत राहिला.

मी हिरणवाळे.
भवानी पेठेत आमच्या गोठ्यात अकरा म्हशी होत्या.
पाडव्याला त्यांच्या शिंगांना मी रंग लावलाय,
गळ्यात कवड्या बांधल्यात,
आणि शेपटीचा फटका खाल्लाय तोंडावर, सणाच्या दिवशी.
एखादी आटली की एक माणूस यायचा.
अण्णा पैसे मोजून घ्यायचे
आणि दावं सोडून स्वतःकडे ठेवायचे.
म्हैस द्यावी, दावं देऊ नये.
कुठं नेतोस, असं त्यांनी कधी विचारलं नाही.
अकरा दावी अजून आहेत, कोंढव्याच्या फ्लॅटमध्ये,
गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे.

रात्री फोटो दाखवला.
अण्णांनी चष्मा वर केला, मोबाइल डोळ्याला लावला.
“आमच्या वेळी हे पिवळं नव्हतं.
‘चि’ आहे हे. वेलांटी बघ की.”
मग म्हणाले, “शिंगं कशी होती?”
फोटोत नाहीत, अण्णा.
“वेत कितवं?”
अण्णा, वीस किलोचं खोकं आहे ते.
ते भाकरी कुस्करत राहिले.
“कुणाच्या तरी पोरानं लिहिलंय. मोठा माणूस बिल्ल्यावर लिहीत नाही.”

सकाळी कारण लिहिलं:
हाताळणीतील निष्काळजीपणा, सुधारणा केली आहे.
दोन टक्के मान्य.
आणि सही करायच्या आधी, कुणी न विचारता, एक ओळ:
खालची खूण रसायनाची नाही. ते अक्षर आहे.
जनावराच्या नावातलं पहिलं असावं.

दुपारी उत्तर आलं.
मिस लान आभारी आहेत. दावा बंद केला आहे.
मात्र त्यांच्या फॉर्ममध्ये परक्या वस्तूपुढे
तपशिलाचा रकाना आहे, तो रिकामा चालत नाही.
कृपया पूर्ण नाव कळवावे.

तांबोळी साहेबांना अजून सांगितलेलं नाही.
अण्णांना सांगितलं.
‘चिमी’ म्हणाले आधी, मग स्वतःच मान हलवली,
चिमी आपली होती.
‘चित्री’ असेल, कपाळाला ठिपका असेल तर.
आता आंघोळीला गेलेत,
आतून पाण्याचा आवाज येतोय,
आणि मध्येच दाराआडून तिसरं नाव.