शरणप्पांच्या डब्यातली गोळी

तिसऱ्या आठवड्यात पापणीवर आला
मुंगी चावल्यागत एक ठिपका.
दोन महिन्यांत त्याचं लालभडक बोर झालं
आणि डोळा अर्धा झाकला.
नाव ठेवलेलं निलांबिका.

शेजारची काशव्वा म्हणाली,
"गिराणात काय कापलीस गं?"
मी खरंच आठवत बसले.
गिराणाच्या दिवशी देगलूर गाडीवर होते,
दिवसभर तिकिटंच फाडली मशीनमधून.
तेवढ्यानं?

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी डाग बोटानं दाबला,
पांढुरका पडला, परत भरला.
"रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. गाठ वाईट नाही.
वर्षांनी आपोआप जिरेलही,
पण झाकला डोळा तोवर बघायचं विसरेल."
मग चिठ्ठीवर जे नाव लिहिलं
ते मी अक्षर लावत वाचलं
आणि हसूच आलं.
हे तर आमच्या सासऱ्यांच्या डब्यात!
त्यांच्या धडधडीवरचं,
नणंदेच्या अर्धशिशीवरचं.
"तेच," बाई म्हणाल्या, हसल्या नाहीत,
"पण त्या डब्यातलं चिमूटभरही द्यायचं नाही.
वजनावर ठरतं. मोजून."

दोन दिवस वॉर्डात.
ठोके मोजले, टाचेतून थेंब काढून साखर मोजली.
पोट भरल्याशिवाय औषध नाही.
उलटी झाली, दूध सोडलं, छाती घरघरली,
तर थांबायचं आणि फोन करायचा.
रात्री तिचे हात गार लागले
की मी मोबाईलच्या उजेडात छाती बघायची,
वर, खाली,
वर.

ड्यूटीवर परतले. संध्याकाळी सातला गाडी नळेगावात,
मी दारात उभी राहून फोनवर ओरडायची,
"आधी दूध, गुरुलिंग! आधी दूध!"
सगळ्या गाडीला पाठ झालं होतं.

लाल उतरला तो एका दिवसात नाही.
आधी जांभळट, मग मधोमध राखेचा ठिपका,
मग बोर सुकत गेलं.
शरणप्पा आपली गोळी जिभेवर ठेवत म्हणायचे,
"आम्ही दोघं एकाच दुकानाची गिऱ्हाइकं."

आता पापणीवर थोडी सैल कातडी आहे,
कागद चुरगाळून परत सरळ केल्यासारखी.
डोळा पूर्ण उघडतो. मला शोधतो.

परवा जळकोटला एक पोरगी चढली,
कडेवर लेकरू, गालावर लाल डाग,
त्यावर पदर ओढलेला.
लेकराचं तिकीट लागत नाही, तिचं एकटीचं दिलं.
बोलावं की नाही, कळेना.
सगळ्यांनाच औषध लागतं असंही नाही,
आणि मी काय, कंडक्टर.
ती उतरताना पदर सरकला.
मी घंटी मारायची थांबले.
"कितवा महिना?" एवढंच विचारलं.
ती वळली.