चार बोटं

आमच्या स्टेशनात रूळ बदलायचे.
पूर्वेकडून येणारे रुंद, नदीपलीकडे जाणारे अरुंद.
फरक चार बोटांचा. मी स्वतः हात ठेवून पाहिला होता.
तेवढ्या चार बोटांसाठी रात्र रात्र फावडी चालत,
ह्या डब्यातला गहू त्या डब्यात,
आणि मधे मी, काट्यापाशी,
कानावर पेन्सिल, गुडघ्यावर पावतीपुस्तक.
मापात पाप नको, वडील म्हणायचे.
मी एक किलोसुद्धा इकडचा तिकडे केला नाही.

पावणेदोन वर्षांपूर्वी
कुठल्याशा लांबच्या टेबलावर दोन सह्या झाल्या
आणि रेघ आमच्या बूग नदीवरून गेली.
नदीला कुणी विचारलं नाही,
आम्हाला कशाला विचारतील?
ज्या देशाची नाणी माझ्या पाकिटात होती
तो देश रेघेखाली गेला.
सप्टेंबरात चौकात एकच काठी,
सकाळी एकाचा झेंडा, दुपारी दुसऱ्याचा,
दोन्हीकडच्या साहेबांनी एकमेकांना सलाम ठोकले.
आम्ही फुटपाथवर टोप्या हातात घेऊन उभे,
कुठल्या भाषेत गप्प बसावं ते न कळून.

पांतेलेय चाकं ठोकायचा. लांब दांड्याची हातोडी,
प्रत्येक चाकाशी वाकून कान देणार.
म्हणाला, "अवगिन्या, धड चाक टण्ण वाजतं,
तडा गेलेलं बद्द.
सहीला मात्र ठोकून कुठं बघायचं?"

पलीकडचा कारकून ल्युडेके.
गव्हाच्या धुळीनं सारखा शिंकणारा,
शिंकून झालं की माफी मागणारा.
जानेवारीत त्याची शाई दौतीत गोठली
तेव्हा माझी पेन्सिल घेऊन गेला. तिथपासून ती त्याच्याकडेच.

जूनमधला शनिवार.
तीन दिवस पलीकडून एकही रिकामा डबा परतला नव्हता.
पांतेलेय सांगायला गेला, तर कमिसार खेकसला,
"घबराट पसरवतोस? करार आहे."
करार आहे, हे तो असं म्हणाला
जसं आपण म्हणतो, दाराला कडी आहे.

रात्री दीडला शेवटचे डबे भरले.
ल्युडेकेनं पावती दोनदा वाचली, सही केली,
मग खिशातून माझी पेन्सिल काढली,
नीट टोक केलेली,
आणि काट्यावर ठेवली. गव्हाच्या काट्यावर.
काटा हलला नाही.
तो माझ्याकडे न बघता गेला. शिंकलासुद्धा नाही.
मला वाटलं, किती शिस्तीचा माणूस.

हिशेब मिटवायला माणूस नेमका कधी येतो,
एवढं कळण्याइतकी मी मोठी होते.

स्टेशनात दोन घड्याळं, एक मॉस्कोचं, एक बर्लिनचं,
मधे एका तासाची वाट.
म्हणून युद्ध सव्वातीनला सुरू झालं
आणि सव्वाचारलाही.
काचा मात्र दोन्हींच्या एकदमच फुटल्या.

गव्हाची गाडी तेव्हा पूल ओलांडून गेली होती.
त्याच पुलावरून ते आले.
आमचीच पोळी पोटात असेल का त्यांच्या?
नाही, एवढ्यात दळून झाला नसेल.
तळघरात बटाट्याच्या पोत्यांमागे बसून
मी हाच हिशेब करत होते. भीतीपेक्षा तो सोपा होता.

पुढच्या आठवड्यात पांतेलेयला बोलावून नेलं.
हातोडी तीच, काम नवं:
खिळे उपटायचे, एक रूळ उचलायचा,
चार बोटं आत सरकवायचा, पुन्हा ठोकायचा.
पूर्वेकडे, मैलोन् मैल.
ऑगस्टात लांबून ऐकू यायचं ते. सप्टेंबरात यायचं थांबलं.

आता डबे न बदलता सरळ जात.
फावडी भिंतीशी गंजत उभी.
गहू जायचा, गुरं जायची,
मग ज्यांच्या डब्यांना बाहेरून कडी असे, ती माणसं.

पावती कुणी मागत नव्हतं.
पेन्सिलीचं टोक अजून तसंच आहे.